ताटातलं मीठ

माझ्या हाताला चव नाही, हे मला सगळ्यात आधी माझ्या बापाने सांगितलं. मी शाळेत होते. आई हातमागावर बसली होती म्हणून हौसेने वांग्याची भाजी टाकली. बाबांनी पहिला घास घेतला, चावता चावता हात थांबवला आणि आईकडे पाहून म्हणाले, "हे तुनं नाई केलं." आई हसली. झालं! तेवढ्यावर निकाल लागला, आणि माझे केस पिकले तरी तो कोणी फिरवला नाही.

बाबांचा माझ्यावर जीव नव्हता असं समजू नका. बाजारातून भावासाठी जे यायचं त्याच्या दुप्पट माझ्यासाठी यायचं. पण माणूस ताटावर बसला की त्याची जात बदलायची. "बाई, तू सारं करजो, पण स्वयंपाक नको करू," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते माझं टोपणनाव झालं असतं तरी चाललं असतं. एकदा आई तापाने पडली होती. सगळा स्वयंपाक मी केला, आणि वाढायला तेवढी ती भिंत धरून उठली. बाबा बोटं चाटून जेवले. म्हणाले, "तुह्या आईच्या हातची गोष्टच न्यारी हाये. तापात बी चव जात नाई." मी दारातून ओरडले, "मी केलं ते!" त्यांनी आणखी एक घास घेतला, शांतपणे चावला आणि म्हणाले, "तरीच म्हणलं, कायतरी कमी हाये."

अगा बाप्पा! तीच भाजी, तेच तोंड, तोच माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने मला आत ओढलं आणि म्हणाली, "नावडतीचं मीठ अळणी असते, बाई. मनाला लावून नको घेऊ." मी मनाला लावून घेतलं. मी लावून घेणाऱ्यातलीच आहे.

लग्न झालं तेही गावातच. आमच्या आंधळगावात कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची, घरं एकाला एक लागून, त्यामुळे माझं माहेर आणि सासर यांच्यामध्ये फार तर दोन गल्ल्या. आई गेल्यावर भावाने बाबांना नागपूरला न्यायचा हट्ट धरला, पण बाबा माग सोडून जायला तयार नव्हते. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, काम आता पूर्वीसारखं उरलं नाही, तरी रोज थोडंसं विणल्याशिवाय त्यांना करमत नसे. मी दोन्ही वेळेला ताट झाकून नेत असे. ते जेवत आणि नावं ठेवत, मी ऐकून घेत आणि उलट बोलत असे. आमचं छान चाललं होतं.

मग त्या हिवाळ्यात त्यांचे पाय सुजले. आधी चप्पल घट्ट व्हायला लागली, मग दारापासून मागापर्यंत यायलाही धाप लागू लागली. भंडाऱ्याला नेलं, भरती केलं. हृदय थकलं आहे, अंगात पाणी साचतं आहे, असं निघालं. सुटी देताना डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. "मीठ अगदी कमी करा. लोणचं, पापड, चिवडा बंद. भाजीत, वरणात टाकूच नका," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "आणि दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. त्यांचं जेवण सुटू देऊ नका. अंगात ताकदच नसली तर माझी औषधं काय करतील? त्यांची जीभ हळूहळू शिकेल. तोवर तुम्ही टिकून राहा."

भाऊ हात जोडून म्हणाला, "बाई, आता तुह्याच भरोशावर हाये." बघा म्हणजे! ज्या माणसाला माझं मीठ घातलेलंही गोड लागलं नाही, त्याला आता बिनमिठाचं खाऊ घालायचं, आणि तेही माझ्याच हाताने. देवाने अगदी नेमका माणूस निवडला होता.

पण मी एकदा मनावर घेतलं की घरादाराला धडकी भरते. बाबांना मी माझ्या घरी आणलं. लोणच्याची बरणी शेजारी गेली, पापडाचा डबा माळ्यावर, मिठाची बरणी कुलुपात. बाबांना मिठाचा दाणा नजरेलाही पडू द्यायचा नाही, हा कायदा. सगळ्या घराचा स्वयंपाक बिनमिठाचा. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, शर्टाच्या खिशात मिठाची पुडी घेऊन जेवायला बसायचे आणि बाबांची पाठ वळली की वरणात टाकायचे. साठीचा माणूस, चोरून मीठ खायचा! मी पाहिलं की दिसलंच नाही असं दाखवत असे.

आणि ताटातलं मीठही मी बंद केलं. आमच्याकडे ताट वाढायची सुरुवात मिठापासून होते. वरच्या कोपऱ्यात आधी चिमूटभर मीठ, मग चटणी, मग भाजी, मग भात. मीठ नाही तोवर ताट वाढलं असं कोणी म्हणत नाही. लहानपणी आम्ही भाऊबहीण घाई करायचो तेव्हा आई हात धरायची, "थांब, मीठ पडलं नाई अजून." तर तो कोपरा मी रिकामा ठेवायला लागले.

बाबा जेवेनात.

म्हणजे ते बसायचे, पण घास घेण्याआधी त्यांचं बोट ताटाच्या वरच्या कोपऱ्याकडे जायचं, तिथे क्षणभर टेकायचं आणि परत यायचं. मला वाटलं, आजाराने हाताला कंप सुटला आहे. मग ते दोन घास घ्यायचे, तोंडात घोळवायचे आणि ताट सरकवायचे. "बाई, हे काय हाये? गवत बरं याच्यापेक्षा." मी म्हणायची, "गवत खाऊन ढोरं काय मरून राहिली का? खा!" ते पाणी पिऊन उठायचे.

मग मी डोकं चालवलं. वरणात लिंबू पिळलं, लसूण निखाऱ्यावर भाजून ठेचला, आमचूर घातलं, टमाटर घातलं, सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर) मुठीमुठीने टाकला. भाजीला असा लाल रंग आणला की पाहूनच कपाळाला घाम यावा. त्या लाल भाजीचे चार घास गेले, हे खरं. "झणका हाये," म्हणाले. झणका काही नव्हता, नुसता रंग होता. पण पाचव्या घासाला जीभ जागी झाली आणि ताट परत सरकलं.

त्याच सुमारास एक गंमत झाली. आमचे हे मोबाईलवर क्रिकेट पाहत जेवत होते. शेवटची षटकं चालली होती. दोन वाट्या वरण भातावर ओढून ओरपलं आणि ढेकर दिला. मी विचारलं, "वरणात मीठ बरोबर होतं का?"

"बराबर होतं. काहून?"

"पुडी काढली का खिशातून?"

त्यांनी खिसा चाचपला. पुडी जशीच्या तशी. चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांची गाय सोडून नेली. मी पोट धरून हसले, पण हसता हसता विचारात पडले. या माणसाने दोन वाट्या बिनमिठाचं वरण खाल्लं आणि त्याच्या जिभेने मीठ होतं अशी साक्ष दिली! म्हणजे जीभ एकटी कामाला नसते. डोळे, कान, मन, सगळे मिळून जेवतात आणि नाव जिभेचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आईची काशाची वाटी घासूनपुसून काढली. एकाच गंजातली, म्हणजे पातेल्यातली, कढी अर्धी त्या वाटीत वाढली, अर्धी स्टीलच्या. बाबांनी दोन्ही चाखल्या आणि काशाच्या वाटीवर बोट ठेवलं. "हे चांगली हाये. ते दुसरी तुही असन." मी दात खाल्ले. पण वाटीभर कढी पोटात गेली, म्हणून गप्प राहिले. वाटीची जादू दोन-तीन जेवणं टिकली. मग तीही उतरली.

खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. बाबांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. मागाकडे जायचं नाव नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा त्यांनी वजन केलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "सूज गेली, हे तुम्ही चांगलं केलंत. पण असंच उपाशी राहिले तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि या वेळी मी खात्री देऊ शकत नाही." येताना गाडीत मी बाबांच्या हाताकडे पाहत होते. ज्या हाताने आयुष्यभर मागावर धोटा फेकला, तो हात मांडीवर निपचित पडला होता. मीठ दिलं तरी बाप जातो, नाही दिलं तरी बाप जातो. मला रडू येत होतं आणि रडायचाही राग येत होता.

त्या दिवशी दुपारी मी पातोडी केली. बेसनाच्या वड्या आणि वाटलेल्या खोबऱ्याचा रस्सा, बाबांचा जीव की प्राण. अर्धा दिवस गेला त्यात. मीठ नाही, पण खसखस भाजली, कांदा काळा केला, सगळ्या घरात वास घुमला. ताट वाढून पुढे ठेवलं. बोट कोपऱ्याकडे गेलं, टेकलं, परत आलं. एक वडी तोडून तोंडात टाकली. मग ताट सरकवून म्हणाले, "तुह्या आईनं मले असं उपाशी नसतं मारलं."

बस्स! डोक्यात अशी तिडीक गेली की मला समोरचं दिसेना. आमच्या ह्यांचा शर्ट खुंटीला होता. खिशातली पुडी ओढली, फाडली आणि बाबांच्या ताटाच्या कोपऱ्यात मीठ आपटलं. "घ्या! हे घ्या मीठ! खा अन् मरा एकदाचे! माही आई लई चांगली होती, मीच तेवढी वाईट! घ्या!" अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल. मग मी मागच्या मोरीवर जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत मोठ्याने रडले. कोणी बोलायला आलं नाही. मी रागात असताना आमच्या घरात कोणी जवळ येत नाही.

थोड्या वेळाने डोकं थंड झालं. अगा माय, मी बापाच्या ताटात मीठ ठेवून आले! तशीच ओल्या तोंडाने आत धावले.

बाबा हात धुवून बसले होते. ताट स्वच्छ होतं. वड्या गेलेल्या, रस्सा गेलेला, भात गेलेला, बोटांनी निपटलेलं ताट. आणि वरच्या कोपऱ्यात मिठाची ढेरी, तो एवढासा ढीग, जशीच्या तशी. फक्त तिच्या माथ्यावर बोटाच्या टोकाएवढा एक खळगा.

"आज बराबर झालं," बाबा म्हणाले. "मीठ टाकलं ना भाजीत?"

मी ताटाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मग विचारलं, "हे ताटातलं नाई खाल्लं?"

"ते कोण खाते? ते ताटातलं हाये."

मी ताट उचललं. आणि मला आईचा आवाज ऐकू आला. ताटं घासताना ती रोज कुरकुरायची, "एवढं मीठ रोज मोरीत जाते. तुह्या बापाले खायचं नसते, नुसतं पाहाले पाहिजे." सगळं बालपण मी हे ऐकलं होतं. बाबा ताटातलं मीठ कधीच खात नसत. बोट टेकवायचे, एखादा कण जिभेला लागला तर लागला, आणि जेवण सुरू. ती त्यांची घंटा होती. ती वाजल्याशिवाय त्यांची जीभ कामाला लागत नव्हती. आणि मी शहाणी! भाजीतलं मीठ काढलं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि ताटातलं काढलं ते माझ्या अकलेने. रिकामा कोपरा पाहिला की त्यांचे डोळेच जिभेला सांगत, आज अळणी आहे, थुंकून टाक. लिंबू काय करणार, आमचूर काय करणार?

संध्याकाळी ताट वाढताना मी आधी मीठ ठेवलं. चिमूटभर, कोपऱ्यात, आई ठेवायची तसं. भाजीत दाणा नाही. बाबांनी बोट टेकवलं आणि जेवले. दुसऱ्या दिवशी जेवले. तिसऱ्या दिवशी भात मागून घेतला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून नाचले. हो, नाचले! या वयात, या गुडघ्यांनी.

डॉक्टरीणबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं, पुडी फेकल्याचंही. त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. "ताटातलं ताटातच राहतं ना? लक्ष ठेवता?" मी म्हटलं, "घारीसारखं." "मग राहू द्या तो कोपरा," त्या म्हणाल्या, "असंच चालू ठेवा, जीभ शिकते आहे त्यांची."

भाजीत मीठ आहे असं मी बाबांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. उन्हाळा लागेपर्यंत सदरा अंगाला भरला. एक दिवस पाहते तर बाबा खाटेवर नाहीत. धावत माहेरच्या घरी गेले, तर आतून खट्खट्, खट्खट्. मागावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "काल भाजीत तेल कमी होतं." नावं ठेवायला लागले म्हणजे माणूस बरा झाला! मी दारात उभी राहून मनसोक्त भांडले. इतकं गोड भांडण माझ्या आयुष्यात झालं नव्हतं.

आणि मग लग्न आलं. भावाच्या पोरीचं, अड्याळला, नवऱ्या मुलाच्या गावी. भावाने आठवडाभर आधीपासून फोन करून माझं डोकं खाल्लं. "बाई, मुलाकडचा आचारी नामी हाये. वांग्याची भाजी अशी करते की सारे पत्रावळ चाटते. बाबाले राहवन का? अन् पाय सुजले तं?" त्याची भीती खोटी नव्हती. डॉक्टरीणबाईंनीही बजावलं होतं की लग्नाचं एक खारं जेवण पुन्हा पाणी साचवू शकतं. मी म्हटलं, "डब्बा नेईन मी." वरण, भात आणि वांग्याची भाजी, सगळं माझ्या पद्धतीचं, चार पुडांच्या डब्यात भरलं.

गाडीत बाबांनी डबा पाहिला. "नातीच्या लग्नात मी डब्बा खाऊ? लोकं काय म्हणतीन? इज्जत हाये का नाई मले?"

"इज्जत घेऊन पुन्हा दवाखान्यात जाता का?"

"पंगतीत बसन तं पंगतीतलं खाईन," त्यांनी जाहीर केलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. अड्याळ येईपर्यंत डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. मी मनात देवाला सांगत होते, देवा रे, इतके महिने मी झुंजले ते एका वांग्यासाठी वाया घालवू नको.

मांडवात तरुण मंडळींसाठी बुफे होता, पण म्हाताऱ्यांसाठी नवऱ्या मुलाच्या वडिलांनी मुद्दाम पंगत ठेवली होती. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, खाली सतरंज्या. व्याही हौशी माणूस, स्वतः उभे राहून वाढायला सांगत होते. बाबा कोशाचा फेटा बांधून पहिल्या ओळीत बसले. आधी मीठ आलं. मग चटणी, भात, वरण, आणि बादलीतून ती भाजी. तेलाचा तवंग, चमचमती वांगी, वास तर असा की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. मी समोरच्या खांबाला टेकून, डब्याची पिशवी पोटाशी धरून उभी होते. बाजूला भाऊ घाम पुसत होता. "आता कोण अडवते बाबाले," तो पुटपुटला.

बाबांनी मिठाला बोट टेकवलं. घास केला. तोंडात घातला. चावता चावता हात थांबला.

तो थांबलेला हात मी ओळखला. लहानपणी माझ्या भाजीवर असाच थांबला होता.

बाबांनी घास कसाबसा गिळला, पेलाभर पाणी पिऊन टाकलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे कोणं केलं?"

पंगतीतल्या माना वळल्या. लग्नात खोड काढायची ती मुलाकडच्यांनी. मुलीच्या आजोबाने काढली असं आमच्या मुलखात कोणी ऐकलं नसेल. भावाने माझा दंड धरला. "मेलो," म्हणाला.

आचारी हात पुसत आला. "मी केली जी, बाबाजी. काही चुकलं का जी?"

"मीठ केवढं टाकलं गा हे! नुसतं खारं! जीभ जळाली माही!"

आचारी बिचारा पंगतीकडे पाहायला लागला. सगळ्यांनी एकेक घास घेतला, एकमेकांकडे पाहिलं. कोणी खांदे उडवले. "सारे खाऊन राहिले ना जी," आचारी म्हणाला. बाबांनी ऐकलं नाही. ते मान वर करून मांडवात कोणाला तरी शोधत होते. "माही पोरगी कुठी हाये? बाई! अवं बाई! डब्बा आन!"

मी त्या पंगतीच्या दोन ओळींमधून चालत गेले. नवरीही तिच्या सासरी इतक्या थाटात चालली नसेल. पिशवीतून डबा काढला, पुडं सोडली. बाबांनी खारी भाजी पानाच्या कडेला लोटली आणि मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. मी वरण-भात वाढला, माझी वांगी वाढली. बाबांनी घास घेतला. हात थांबला नाही. दुसरा घेतला. डोळे मिटून चावला.

व्याही जरा दुखावलेच होते. जवळ आले, हसून म्हणाले, "पाहू द्या तरी व्याहीबुवा, काय एवढं," आणि तळहात पुढे केला. मी वांग्याची फोड त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी तोंडात टाकली. भुवया वर गेल्या. "अजी, याच्यात तं मीठच नाई!"

आता संपलं, मला वाटलं. भर मांडवात फुटलं. बाबांच्या समोर फुटलं.

बाबांनी डोळे उघडले. डाव्या हाताचं बोट पत्रावळीच्या वरच्या कोपऱ्याकडे केलं, जिथे ती चिमूटभर ढेरी होती. "मंग ते काय हाये?" ते म्हणाले. "दिसत नाई का तुमाले?"

व्याही ढेरीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. बाबांनी माझ्यापुढे पत्रावळ केली, "वाढ अजून," आणि मग आचाऱ्याला, व्याह्यांना, माझ्या भावाला, सगळ्या अड्याळला सांगितलं, "माह्या पोरीच्या हातची गोष्टच न्यारी हाये."

ऐकलंत? माझ्या हातची! आई असती तर तिलाच पहिल्यांदा सांगितलं असतं. तिनेही हसून मान डोलावली असती, मला ठाऊक आहे.

पंगत उठल्यावर बाबांची पत्रावळ मी कोणाला उचलू दिली नाही. स्वतः उचलली आणि भावाला दाखवली. कोपऱ्यात मीठ तसंच होतं, वर बोटाचा खळगा. "खाल्लंच नाई?" तो म्हणाला. "कधीच नाई," मी म्हटलं, आणि पत्रावळ दुमडली.

मग मी आचाऱ्याकडे गेले. तो चुलीपाशी तोंड पाडून बसला होता. त्याची समजूत काढली आणि त्याच्याच हाताने पान वाढून घेतलं. त्याची भाजी मी दोनदा मागून खाल्ली. खोटं कशाला बोलू, अशी वांगी मला सात जन्मात जमायची नाहीत, आणि मीठ अगदी नेमकं पडलं होतं. पण बाबांनी निकाल दिला होता, भर मांडवात, माझ्या बाजूने. तो मी कशाला फिरवू?